कडू विहिरीचा कोळसा

सरकारने मला केशरी बंडी दिली, लांब दांड्याची जाळी दिली आणि सांगितलं, आजपासून हा नाला तुझा. नाला म्हणजे केवढा, तर सातशे पावलं. यिनहुआच्या परसात सुरू होतो आणि खाली लव्हाळ्यात शिरून तळ्याला मिळतो. रोज दोन फेऱ्या मारायच्या, प्लास्टिक काढायचं, पाण्याचा रंग बदलला तर वर कळवायचं. गावातली माणसं मला नालेवाली मेई म्हणतात. मी त्यांना काय काय म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

यिनहुआ टोफू करते. करायची, म्हणायला हवं. तिच्या परसात एक मोठी कढई, मोटर बसवलेलं जातं, दोन लाकडी दाबपेट्या आणि कोपऱ्यात कडू विहीर. आमच्या शीपिंग गावचा टोफू जमतो तो असल्या विहिरींच्या पाण्याने. हे पाणी तोंडात घ्याल तर थुंकून टाकाल, पण सोयाबीनच्या उकळत्या दुधात पडलं की दूध आपोआप धरतं. दुसरं काही घालावं लागत नाही. पूर्वी गावात अशा अकरा विहिरी होत्या. आता चार उरल्यात आणि त्यातली गोड बोलणाऱ्या माणसाची एकच, ती यिनहुआची.

तिचा नवरा योंगफा. पाच वर्षांपूर्वी कौलं बदलताना छपरावरून पडला आणि मानेत मार बसला. तेव्हापासून कमरेखाली काही नाही, हात असून नसल्यासारखे. जीभ तेवढी शाबूत राहिली आणि तीच पहिल्यापासून जास्त चालायची. खिडकीपाशी खाट टाकलीय, तिथून तो परसातल्या प्रत्येक गोष्टीवर शेरे मारतो. दर दोन तासांनी त्याची कूस बदलावी लागते, नाहीतर पाठ फुटते. यिनहुआ दूध उकळत ठेवायची, आत जाऊन त्याला डावीकडे वळवायची. टोफू दाबायला ठेवायची, जाऊन उजवीकडे वळवायची. पाच वर्षांत त्याच्या पाठीला एक जखम झाली नव्हती. शहरातला डॉक्टर म्हणाला होता, इस्पितळातसुद्धा असं जमत नाही.

एकुलती एक मुलगी लग्न होऊन पार समुद्राकडच्या प्रांतात गेली. म्हणजे घरात ही दोघंच.

आणि तळं हिरवं झालं होतं. थोडंथोडकं नाही. मार्च लागला की पाण्यावर पोपटी साय धरायची, वारा सुटला की तिचा वास घरात यायचा. गेल्या हिवाळ्यात कचेरीतून हुकूम आला : तळ्याजवळचे सगळे छोटे टोफूवाले गावाबाहेर नव्या शेडमध्ये हलवायचे. तिथे सांडपाण्याचं यंत्र आहे. ज्यांना घरीच राहायचं असेल, त्यांच्या नाल्याचं पाणी एप्रिलच्या वीस तारखेला तपासलं जाईल. फॉस्फेट अर्ध्याच्या खाली आलं तर राहा, नाहीतर हला. अर्धा म्हणजे कशाचा अर्धा, हे मला अजून नीट कळलेलं नाही. आमच्या नाल्याचं तेव्हा जवळजवळ तीन भरत होतं.

शेड एसटीने तास-सव्वा तासावर. सकाळी सहाला घर सोडायचं, संध्याकाळी सातला परत. मग योंगफाला वळवणार कोण? यिनहुआला एवढीच काळजी होती. टोफू कुठेही करता येतो, नवरा कुठेही नेता येत नाही.

अशा वेळी ल्वो मास्तर आले. हे आमच्या तालुक्याच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे. मला आणि यिनहुआला दोघींना त्यांनी शिकवलंय, म्हणजे शिकवायचा प्रयत्न केलाय. निवृत्त झाल्यापासून बांबूचा लांब हुक्का घेऊन हिंडतात आणि जिथे बसतात तिथे वर्ग भरवतात. त्या दिवशी यिनहुआच्या पायरीवर बसून त्यांनी भाजलेले सात टोफू खाल्ले, तिखटात बुडवून बुडवून, आणि मग विहिरीकडे बोट दाखवलं.

"यिनहुआ, तुझ्या विहिरीत मॅग्नेशियम आहे. आठवीत शिकवलं होतं."

"मास्तर, आठवीत मी दोनदा बसले. दोन्ही वेळा नाही कळलं."

"आता कळेल. तुझ्या नाल्यात फॉस्फेट आहे. सोयाबीनमधून येतं, साबणातून येतं. ते शेवाळाचं जेवण. तू रोज शेवाळाला पंगत वाढतेस. साधा कोळसा फॉस्फेटला धरत नाही. पण कोळशाच्या अंगात आधी मॅग्नेशियम बसवलं की मग फॉस्फेट येऊन त्याला चिकटतं. त्याला बायोचार म्हणतात. मोठमोठ्या प्रयोगशाळा यावर काम करतायत."

"चिकटतं म्हणजे बायकोसारखं," योंगफा खिडकीतून म्हणाला. "एकदा चिकटली की सुटत नाही."

"सुटले असते तर तू अजून त्याच कुशीवर पडला असतास, मेल्या," यिनहुआ म्हणाली.

मास्तरांनी मनावर घेतलं की माणूस सुटत नाही. पुढचा महिनाभर त्यांनी आम्हाला राबवलं. आधी विहिरीचं पाणी टोफूच्या कढईत आटवायचं, दहा बादल्यांची एक होईपर्यंत. त्यात दाणे काढलेली मक्याची कणसं दोन दिवस भिजत घालायची. मग ती छपरावर वाळवायची. वाळली की डिझेलच्या छोट्या पिंपात गच्च भरायची, झाकण लावायचं, ते पिंप मोठ्या पिंपात ठेवायचं आणि मधल्या जागेत लाकडं पेटवायची, म्हणजे कणसं हवेशिवाय भाजतात आणि राख न होता कोळसा होतो. पहिली खेप राख झाली. दुसरी अर्धी राख झाली. मास्तर दोन्ही वेळा म्हणाले, "छान, शिकलो." मी म्हटलं, मास्तर, आम्हाला नापास करताना तुम्ही असं कधी म्हणाला नाहीत.

तिसरी खेप जमली. तो कोळसा ठेचून आम्ही टोफूच्या जुन्या फडक्यांची पोती शिवून त्यात भरला. नाल्याच्या तोंडाशी मास्तरांनी तीन खड्डे खणवले, त्यात पोती ठेवली. टोफू दाबताना गळणारं पिवळं आंबट पाणी, निवळी म्हणतो आम्ही, ते नाल्यात न सोडता पिंपात साठवायचं आणि डुकरंवाल्याला द्यायचं. धुण्यापुसण्याचं बाकीचं पाणी तीन खड्ड्यांतल्या पोत्यांमधून गळत नाल्यात जायचं.

मास्तरांकडे काचेच्या नळ्या होत्या. नळीत पाणी घ्यायचं, दोन औषधांचे थेंब टाकायचे, दहा मिनिटं थांबायचं. जितकं फॉस्फेट तितका गडद निळा रंग. पहिल्या दिवशी रंग शाळेच्या गणवेशासारखा आला. आठवड्याने आकाशी झाला. महिन्याने मास्तरांनी नळी उन्हात धरली, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "शून्य पूर्णांक चार." यिनहुआने नळी हातात घेतली आणि बघत राहिली. त्यात काही दिसतच नव्हतं, म्हणून बघत राहिली.

"काय झालं?" योंगफा ओरडला. "मला दाखवा की!"

तिने नळी नेऊन त्याच्या डोळ्यांसमोर धरली. तो म्हणाला, "यात तर पाणीच आहे." ती म्हणाली, "तेच तर."

फेब्रुवारी, मार्च, अर्धा एप्रिल. दर आठवड्याला मास्तर वहीत आकडा लिहायचे आणि तो अर्ध्याच्या वर एकदाही गेला नाही. मी माझ्या नाल्यात पहिल्यांदा तळाचे दगड पाहिले. खोटं कशाला सांगू, मला अभिमान वाटायला लागला होता. बंडी धुवून घालायला लागले.

पोती महिना-दीड महिन्याने बदलायची, असं मास्तर सांगायचे. पोटभर खाल्लं की कोळसा आणखी घेत नाही. भरलेला कोळसा शेतात टाकायचा, उत्तम खत. एकदा बदललीही. पण एप्रिलमध्ये विहिरीचं पाणी तळाला गेलं आणि नवी खेप करायला लागेल तेवढं पाणी आटवायचं तर टोफूला उरलं नसतं. मास्तरांनी तपासून सांगितलं, "अजून दोन आठवडे धरेल. तपासणी होऊ दे, मग बदलू. तोवर हात लावायचा नाही." कधीतरी, हुक्का ओढता ओढता, ते असंही बोलले होते की मोठ्या ठिकाणी हा कोळसा टाकून देत नाहीत, धुवून पुन्हा वापरतात. मास्तर बोलताना शंभर गोष्टी सांगतात. आम्ही त्यातल्या आपल्या कामाच्या उचलतो.

एकोणीस तारखेला दुपारी चारला मी शेवटची फेरी मारायला गेले. नाला चकचकीत. लव्हाळ्यापर्यंत एक पिशवी नाही. वर खड्ड्यांशी आले तर पोत्यांवर हिरवट-काळा चिकटा साचलेला, हात लावला तर बुळबुळीत. यिनहुआ पेट्या घासत होती. मी हसत हसत म्हटलं, "काय गं ही पोती! उद्या साहेब बघतील तर विचारतील, इथे टोफू करता की डुकरं लोळवता?"

ती हसली नाही. तिने पोत्यांकडे पाहिलं. टोफूवालीला घाण म्हटलेलं लागतं, हे मला कळायला हवं होतं. पण मला कुठे काय कळतं बोलताना! मी जाळी खांद्यावर टाकली, घरी गेले, शेवयांचा वाडगा खाल्ला आणि झोपले. चांगली झोपले.

सकाळी साडेसातला गेले तर यिनहुआ दारातच उभी, न्हालेली, केस बांधलेले, चेहरा उजळलेला.

"बघ आता," म्हणाली. "कुठे डुकरं दिसतायत का बघ."

परस आरशासारखा केला होता. पेट्या घासलेल्या, कढई उपडी, फडकी दोरीवर पांढरीशुभ्र. आणि खड्ड्यांत तिन्ही पोती, काळीभोर, स्वच्छ, नवी असल्यासारखी.

"पोतीसुद्धा धुतलीस?"

"मग? संध्याकाळी काढली, धुतली, पिळली, परत ठेवली. मास्तर नव्हते का म्हणाले, मोठ्या ठिकाणी धुवूनच वापरतात."

"कशाने धुतलीस?"

"निवळीने. गरम करून. चिकटा दुसऱ्या कशाने जातो?"

मला काही खटकलं नाही, हे मी कबूल करते. आमच्याकडे टोफूवाल्यांची फडकी निवळीनेच धुतात. साबणाचा वास टोफूला लागतो, नुसत्या पाण्याने सोयाबीनचा चिकटा निघत नाही. कालची आंबलेली निवळी गरम करायची, फडकी त्यात चोळायची, की फडकं मऊ आणि पांढरं. यिनहुआच्या सासूने तिला पहिल्या दिवशी शिकवलं ते हेच. एरवी ती हे टबात करायची आणि टबातलं पाणी डुकरंवाल्याच्या पिंपात ओतायची. पण पोती टबात मावेनात. म्हणून तिने ती खड्ड्यांच्या काठावरच धुतली, घागरी ओतून ओतून.

नऊला ल्वो मास्तर आले. धुतलेला सदरा, खिशात वही, आज मोठा दिवस. "काय सुंदर केलंयस!" म्हणाले. मग त्यांनी नाक वर केलं. वास घेतला. खाली वाकून खड्ड्यातलं पाणी बोटाला लावून जिभेला लावलं.

"यिनहुआ, पोती कशाने धुतलीस?"

तिने सांगितलं. मास्तरांनी खिशातून नळी काढली, नाल्यातून पाणी घेतलं, थेंब टाकले. दहा मिनिटं थांबायची गरजच पडली नाही. रंग शाईसारखा गडद झाला आणि आणखी गडद होत गेला.

"बिघडलंय का औषध?" यिनहुआ म्हणाली.

"औषध बरोबर आहे." मास्तर पायरीवर बसले. "निवळी आंबट असते. आंबट पाण्यात मॅग्नेशियम विरघळतं. ज्याने फॉस्फेट धरलं होतं तेच विरघळलं, की धरलेलं सगळं सुटलं. दोन महिन्यांचं एका संध्याकाळी. आणि निवळीत तर आधीचंच भरपूर असतं."

"पण तुम्हीच म्हणाला होतात, धुवून वापरतात."

"वेगळ्या पाण्याने. वेगळ्या जागी. आणि ते धुतलेलं पाणी नाल्यात सोडत नाहीत गं." ते ओरडले असते तर बरं झालं असतं. पण ते हळू आवाजात बोलले. "मी ते सांगायलाच नको होतं. वर्गात मी नेहमी असंच करायचो. जास्तीचं सांगायचो."

यिनहुआ पोत्यांकडे बघत उभी राहिली. तिचे हात आपोआप पोटावरच्या फडक्याला पुसले जात होते. हात कोरडे होते.

"आता परत धुतली तर? साध्या पाण्याने?"

"नाही."

"दुसरा कोळसा घातला तर?"

"माझ्या छपरावर अर्धं पोतं आहे, ऑर्किडच्या कुंड्यांसाठी ठेवलं होतं."

"मग आणा की!" मी ओरडले. "बसलाय काय!"

मास्तर बहात्तर वर्षांचे. धावत गेले. खरंच धावले. मी नळाला पाइप लावला आणि नाल्यात पाणी सोडलं. नळाला करंगळीएवढी धार, एप्रिल ना. शेजारच्या दोन घरांतून बादल्या आणल्या. यिनहुआ विहिरीत बादली सोडून ओढत होती आणि बादली अर्धी चिखलाने भरून येत होती. सातशे पावलांचा नाला. एवढ्या बादल्यांनी त्याच्या तळाचे दगड तेवढे गढूळ झाले. अकराला साहेब येणार होते.

"काय चाललंय?" योंगफा खिडकीतून विचारत होता. "कोणी सांगेल का? यिनहुआ! काय झालं?"

आम्ही बादल्या ओतत राहिलो. मग तो गप्प झाला, आणि गप्प झालेला योंगफा मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

मास्तर अर्धं पोतं घेऊन आले, धापा टाकत. त्यांनी ते खड्ड्यात ठेवलं आणि घड्याळाकडे पाहिलं. "याला निदान एक दिवस लागतो," म्हणाले. "पण असू दे." मग कचेरीत फोन लावला. पलीकडच्या बाईने सांगितलं, तारीख वरून ठरते.

तपासणीचे वेई साहेब वेळेवर आले. चांगला माणूस, हे सांगायला हवं, कारण वाईट असता तर मला शिव्या घालायला कोणी मिळालं असतं. पूर्वी दोनदा इथे बसून टोफू खाऊन गेलेले. पेटी उघडली, दोन बाटल्या काढल्या. मी पुढे झाले आणि म्हटलं, "साहेब, मी भरते, माझा नाला आहे." बाटली घेतली आणि नळाच्या दिशेने दोन पावलं टाकली. मला वाटलं कोणी बघत नाहीय.

"ताई," ते मागून म्हणाले, अगदी हळू. "बाटली मीच भरतो. तुम्ही सही करा."

त्यांनी लव्हाळ्याच्या तोंडाशी खाली उतरून बाटल्या भरल्या, चिकटपट्टी लावली, आकडा लिहिला. साक्षीदार म्हणून नाल्याच्या राखणदाराची सही लागते. मी केली. सही नेहमीसारखी सरळ आली, याचाच मला नंतर राग आला.

यिनहुआने सगळं खरं सांगितलं. काल धुतलं म्हणून झालं, साहेब, एरवी अडीच महिने अर्ध्याच्या खाली आहे. मास्तरांनी वही पुढे केली. वेई साहेबांनी वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली, उभ्या उभ्या, उन्हात. मग बंद करून दोन्ही हातांनी मास्तरांना परत दिली.

"मास्तर, मला खरं वाटतं. पण माझ्या कागदावर आजचीच तारीख आहे. पुन्हा तपासणीचा अर्ज मी स्वतः पाठवतो."

त्यांनी पाठवलाही. उत्तर आलं की पुढची तपासणी पुढच्या एप्रिलमध्ये. बाटलीतला आकडा सात दिवसांनी आला, तीन पूर्णांक नऊ. आम्ही काहीच केलं नव्हतं तेव्हा जेवढा होता त्याहून जास्त. हुकुमाचा कागद दारावर चिकटवणं हेही राखणदाराचंच काम. मी खळ केली आणि चिकटवला. यिनहुआने कोपरा सुटत होता तो दाबून दिला.

मे महिन्याच्या पहिल्या तारखेपासून ती शेडवर जाते. तिथे स्टीलच्या टाक्या आहेत, पुडीतली पांढरी पूड घालून दूध जमवतात, फडकी यंत्रात धुतात. मी सांगितलं, योंगफाची काळजी करू नकोस, मी बघते. आठला, दहाला, बाराला, दोनला, चारला, सहाला. माझा नाला तुझ्या परसातूनच सुरू होतो, मला काय अडचण? ती माझा हात धरून रडली. "मेईताई, तुझ्यासारखं कोण आहे मला," म्हणाली. मी म्हटलं, पुरे पुरे. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

योंगफा जड आहे. यिनहुआ त्याला वळवायची तेव्हा एक हात खांद्याखाली, एक गुडघ्याखाली, आणि बोलता बोलता तो वळलेला असायचा. मी वळवते तेव्हा तो दात आवळतो. पहिले काही दिवस थट्टा करायचा. "नालेवाली, मी काय तुझ्या जाळीत सापडलेली पिशवी आहे का?" मग थट्टा कमी झाली. जूनमध्ये त्याच्या टाचेवर लाल डाग दिसला. जुलैत माकडहाडापाशी कातडी सोलली. मी मलम लावते, उशी ठेवते, वेळ पाळते. एकदाही चुकवलेली नाही. तरी जखम वाढते. काय चुकतं ते मला कळत नाही आणि विचारायचं कोणाला, यिनहुआला? रोज संध्याकाळी सातला ती येते, आधी त्याचं पांघरूण काढून पाठ बघते, मग चपला काढते. मला एक शब्द बोलत नाही. चहा करते.

नाल्याचं पाणी आता काचेसारखं आहे. मास्तर अजून येतात, नळी उन्हात धरतात, आकडा वहीत लिहितात. शून्य पूर्णांक एक. कोळशाची गरज उरलेली नाही, वर कोणी टोफूच करत नाही. तळं तसंच हिरवं आहे. मी विचारलं, "मास्तर, मग एवढं सगळं कशासाठी?" ते म्हणाले, "एका नाल्याने काय होतं, मेई." आणि तरी पुढच्या आठवड्याला आले.

तीन महिने मी गप्प राहिले. माझ्यासारखी बाई तीन महिने गप्प, यावर गावात कोणाचा विश्वास बसायचा नाही. मास्तर म्हणत होते, माझ्यामुळे झालं. योंगफा म्हणत होता, मीच तिला म्हटलं होतं, पाहुणे येणार तर घर चकाचक कर. यिनहुआ तर स्वतःच्या हातांकडे बघायची. प्रत्येकजण आपापल्या अंगावर घेत होता आणि मी चहा पीत बसायचे. माझा तो एक टोमणा तिच्या लक्षातच नसेल, अशी मी मनाची समजूत घालून घेतली होती. एवढ्या गडबडीत कोणाच्या लक्षात राहतं!

परवा योंगफाच्या जखमेतून पाणी यायला लागलं. मी पट्टी बांधली आणि एसटीच्या थांब्यावर जाऊन उभी राहिले. सातची गाडी आली. यिनहुआ उतरली, हातात जेवणाचा रिकामा डबा. मला पाहून तिचा चेहरा पडला. "काय झालं त्याला?"

"काही नाही. आहे तसाच आहे. मला तुझ्याशी बोलायचंय."

"चालता चालता बोल."

"मी बोलले होते ते. आदल्या दिवशी. पोत्यांवरून, डुकरांवरून. मी बोलले नसते तर तू पोत्यांना हात लावला नसतास. माझ्यामुळे झालं, यिनहुआ. तीन महिने मी तोंड शिवून बसलेय."

ती चालत राहिली. मला वाटलं ऐकलं नाही.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "मी तिथेच उभी होते ना."

"मग बोलली का नाहीस? शिव्या द्यायच्या होत्यास. थोबाडीत मारायची होतीस."

"पहिले आठ दिवस रोज मनात मारली. गाडीत बसले की सुरू, जाताना तासभर, येताना तासभर." तिने डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "मग विचार केला, भांडले तर तू यायची बंद होशील. मग त्याला वळवणार कोण?"

आम्ही घराशी आलो होतो. तिने दाराची कडी काढली, आत पाऊल टाकलं आणि मागे वळून, माझ्याकडे न बघता, विचारलं, "उद्या आठला येशील ना, मेईताई?"

मी हो म्हटलं.